स्वतःपुरते यंत्र

मनुष्य दुसऱ्यासाठी काही करतो तेव्हा त्याच्या हातून होणाऱ्या बऱ्यावाईटाची चर्चा नीतिशास्त्राने पुष्कळ केली आहे. परंतु तो केवळ स्वतःसाठी काही करतो, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या फावल्या वेळात करतो, तेव्हा त्याच्यावर काही बंधन असते काय? बहुतेकांचे उत्तर 'नसते' असेच येईल. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझेही तेच होते. हे मत बदलले ते एखादा ग्रंथ वाचून नव्हे, तर लाकूड घासण्याच्या एका यंत्रामुळे. आणि ते यंत्र मीच तयार केलेले असल्यामुळे हा प्रश्न मला दुसऱ्या कोणावर ढकलता आला नाही.

मला सुतारकामाची हौस आहे. हौस म्हणजे हौसच. त्यावर पोट भरण्याची पाळी आली असती तर मी उपाशी राहिलो असतो. घराच्या मागच्या पडवीत एक जुने भक्कम टेबल, भिंतीवर करवती, रंधे, पटाश्या आणि कानशी, एवढा माझा कारखाना. या उद्योगातली बहुतेक सारी कामे मला प्रिय आहेत. रंधा सागवानावरून सरकतो आणि त्याच्या तोंडातून पातळ छिलका वळत वळत बाहेर येतो, तेव्हाचे समाधान सांगून कळणारे नाही. पण घासकाम ही मात्र शुद्ध शिक्षा होय. आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०. एकेक फळी तास तास घासायची. खांदा भरून येतो, बोटांची टोके हुळहुळी होतात. आणि मधला एखादा टप्पा गाळण्याची लबाडी केली, तर आधीच्या कागदाचे ओरखडे पॉलिश चढल्यावर दुप्पट उठून दिसतात. या कामात घाई लपत नाही.

हे काम करणारे यंत्र बाजारात मिळते. त्याला 'बेल्ट सँडर' म्हणतात. त्याची रचना समजायला सोपी आहे. दोन रूळ, त्यांवरून ताणून बसवलेला पॉलिशपेपरचा अखंड पट्टा, एका रुळाला मोटार आणि वरच्या बाजूस पट्ट्याखाली आधाराला सपाट पोलादी पाटा. पट्टा फिरत असतो; त्यावर फळी टेकवली की घासण्याचे काम होते. फळी पट्ट्याबरोबर निसटून जाऊ नये म्हणून एका टोकाला, पट्ट्याच्या किंचित वर, एक आडवी पट्टी असते. हे यंत्र मी विकत आणू शकलो असतो. तरी मी ते घरी करायचे ठरवले, आणि ते काटकसरीसाठी नव्हे. कारण माझ्या वेळेचा हिशेब मांडला तर घरचे यंत्र विकतच्यापेक्षा महागच पडले. खरी गोष्ट अशी की, आपण जोडलेली निर्जीव वस्तू आपल्यासमोर फिरू लागावी ही इच्छा लहान मुलाच्या भिंगरीपासून माणसाच्या मनात असते, आणि वयाबरोबर ती जातेच असे नाही.

एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून अर्ध्या अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी एक मोटार आणली. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या सहा सहा चकत्या सरसाने चिकटवून दोन रूळ केले. एक मोटारीच्याच आसावर बसवला, दुसरा बेअरिंगांवर. मोटार सुरू करून, फिरत्या रुळाला टेकूवर पटाशी धरून, ते कातून गोल केले. व्यास १०० मिलिमीटर ठेवला. कोणीही गणित करावे: एवढ्या व्यासाचा रूळ मिनिटाला १४४० वेळा फिरला तर त्यावरचा पट्टा सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने धावतो. माणूस जीव खाऊन पळाला तरी एवढ्या वेगाने फार वेळ पळू शकत नाही. हा हिशेब मी वहीत केला होता, आणि आकडा पाहून मला आनंद झाला होता, हे मुद्दाम नमूद करतो.

पट्टा मात्र प्रथम रुळावर राहीना. सुरू केले की दोन क्षणांत एका कडेला सरके आणि खाली पडे. सपाट रुळावर पट्टा टिकत नाही. रूळ मध्यभागी किंचित फुगीर हवा. ही गोष्ट मनाला पटत नाही. फुगवटा असेल तर पट्टा उतारावरून घसरून कडेला जाईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. पट्टा उंचवट्याकडे चढत जातो आणि माथ्यावर पोचला की तेथेच स्थिर होतो. कारण उतरत्या बाजूवर टेकलेला पट्टा किंचित वाकतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक थोडा थोडा उंच भागाकडे वळून रुळावर येतो. गिरण्यांतले जुने कारागीर या युक्तीवर पिढ्यान्‌पिढ्या पट्टे चालवीत आले. मी रुळाच्या मध्यावर चिकटपट्टीचे दोनतीन वेढे दिले, जेमतेम मिलिमीटरभर फुगवटा आला, आणि पट्टा शहाण्या बैलासारखा आपल्या वाटेने चालू लागला. उरलेसुरले सरकणे आवरण्यासाठी दुसऱ्या रुळाला तिरपे करणारा एक स्क्रू बसवला.

यंत्र चालू झाले. त्याच्या अनेक खोड्या होत्या आणि त्या साऱ्या मला ठाऊक होत्या. थंडीत स्क्रू पाव फेरा डावीकडे न्यावा लागे. नवा पट्टा घातला की पहिली पाच मिनिटे त्याच्यावर डोळा ठेवावा लागे. आडवी पट्टी आणि फिरता पट्टा यांच्यात जवळ जवळ पाव इंचाची फट राहिली होती. तिथे पातळ लाकूड न्यायचे नाही, हेही मला ठाऊक होते. हे यंत्र माझ्याखेरीज कोणाला चालवता येणार नाही, असे मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे. विकतच्या यंत्राला पट्ट्याच्या तोंडावर आणि रुळांच्या बाजूंनी पत्र्याचा गार्ड असतो. मी तो केला नव्हता. पत्रा कापून वाकवणे कंटाळवाणे असते, गार्डमुळे पट्टा बदलताना खोळंबा होतो, आणि उघडे फिरणारे रूळ पाहायला बरे वाटतात. ही तिन्ही कारणे खरी होती. पण विचारणाऱ्याला मी चौथेच देत असे.

आमच्याकडे दारे-खिडक्यांच्या दुरुस्तीला येणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनी यंत्र पाहिले. वाकून फटीकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्या तोंडावर काही घातलं नाही?"

मी म्हणालो, "मिस्त्री, हे काही कारखान्यातलं यंत्र नव्हे. माझ्यापुरतं आहे."

"हां," ते म्हणाले, "पण त्याला कुठं ठाऊक, तुमच्यापुरतं आहे ते!"

मी हसलो. तेही हसले, आणि आम्ही दाराच्या बिजागरीकडे वळलो.

मिस्त्रींच्या बोलण्याचा प्रत्यय मला लवकरच आला होता, पण मी तो घेतला नाही. एका संध्याकाळी काम चालू असताना वीज गेली. यंत्र थांबले. मी बटण तसेच ठेवून घरात आलो आणि विसरलो. रात्री जेवताना वीज आली, आणि पडवीत यंत्र आपले आपण सुरू झाले. जाऊन पाहतो तो रिकाम्या खोलीत, समोर कोणीही नसताना, पट्टा ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने धावत होता. ही हकीकत मी पुढे कित्येकांना गंमत म्हणून सांगितली. त्या वर्षी खंडेनवमीला साऱ्या हत्यारांबरोबर या यंत्राचीही पूजा केली. त्याला गंध लावले, झेंडूची माळ घातली. माळ घालण्याइतका वेळ मला मिळाला, पत्रा घालण्याइतका मिळाला नाही.

दिवाळीच्या सुटीत बहीण मुलाला घेऊन आली. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. अंगणात पोरांचा किल्ला चालला होता आणि किल्ल्याच्या दरवाजाला खऱ्या लाकडाच्या फळ्या हव्यात, असा त्याचा हट्ट होता. मी त्याला पडवीत नेऊन यंत्र कसे चालवायचे ते दाखवले. "पातळ काही त्या टोकाला नेऊ नकोस," असेही सांगितले. सांगितले ते दारातून बाहेर पडता पडता, कारण कोणी तरी मला हाक मारली होती. पाच मिनिटांनी यंत्राचा आवाज एकदम बदलला. पातळ पट्टी फटीत ओढली गेली होती आणि तिच्याबरोबर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी. त्याने हात झटकन मागे घेतला म्हणून बोट वाचले. नख गेले, टोकाचे कातडे गेले. ८० नंबरचा पट्टा होता.

दवाखान्यातून परत येताना तो रडत नव्हता. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो एवढेच म्हणाला, "माझीच चूक झाली, मामा. तू सांगितलं होतंस."

त्या क्षणी मला काय वाटले ते लिहायला मला संकोच वाटतो, पण या लेखाचे सारे प्रयोजन तेच आहे. मला हायसे वाटले. 'होय, मी सांगितले होते' असे माझ्या मनाने ताबडतोब म्हटले. बहीण म्हणाली, "दादा, मुलं आहेत, असं व्हायचंच. तू जिवाला लावून घेऊ नकोस." तेही मी तत्परतेने स्वीकारले. दुखापत त्याला झाली होती आणि दोषही त्यानेच उचलला होता; आणि मी, ज्याने फट ठेवली तो, दोन्हीकडून मोकळा झालो होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्या मोकळेपणाची मला लाज वाटू लागली.

हा मोकळेपणा फार जुना आहे, हे मला इतिहासाने दाखवले. १८४४ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की, गिरण्यांतले फिरते दांडे आणि चाके झाकली पाहिजेत. दहा वर्षे तो पुरता पाळला गेला नाही. तपासनिसांनी १८५४ च्या सुमारास तगादा लावला, तेव्हा गिरणीमालकांनी १८५५ साली आपली संघटना उभारली. माणसे दांड्यांवर गुंडाळली जाऊन मरत होती. डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' या साप्ताहिकाने त्या मृत्यूंवर लेखांमागून लेख छापले. मालकांच्या बाजूने पुस्तिका लिहिली ती हॅरिएट मार्टिनो या विदुषीने. ती काही निर्दय बाई नव्हती; गुलामगिरीच्या विरुद्ध तिने आपली लेखणी झिजवली होती. पण अपघात बहुतांशी कामगारांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे होतात, हा मालकांचा युक्तिवाद तिलाही पटला. १८५६ साली पार्लमेंटाने कायदा सैल केला. हा इतिहास वाचताना मी नेहमी डिकन्सच्या बाजूचा असे. त्या दिवाळीत मात्र मी मालकांच्या संघटनेत जाऊन बसलो होतो, आणि कामगार म्हणून तेरा वर्षांचा मुलगा आयता मिळाला होता.

आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. शंभर किंवा अधिक माणसे असतील तिथेच तो लागू होता. १८९१ साली हा आकडा पन्नासावर आला, १९२२ साली विसावर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने, यंत्रे विजेसारख्या शक्तीवर चालत असतील तर, दहावर. यंत्राचा धोकादायक भाग भक्कम आवरणाने झाकला पाहिजे आणि यंत्र चालू असेतोवर ते आवरण जागेवर राहिले पाहिजे, असे त्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले होते. २०२० च्या संहितेने हा आकडा पुन्हा विसावर नेला आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा आणि पुन्हा वीस. आकडा खालीवर होत राहिला, पण एकावर कधीच आला नाही. तो येऊही नये. घराच्या पडवीत तपासनीस यावा अशी इच्छा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण मग त्या एका माणसाचे काय? कारखान्यात मालक आणि मजूर निरनिराळे असतात, त्यांच्यात भांडण होते, आणि भांडणातून निदान कायदा जन्माला येतो. घरच्या कारखान्यात दोघे एकाच देहात नांदतात. माझ्यातल्या मालकाला पत्रा कापण्याचा कंटाळा होता. माझ्यातल्या मजुराला दहा बोटे होती. या दोघांत भांडण झालेच नाही, कारण बोलण्याचे काम नेहमी मालकानेच केले.

यावर व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी म्हणेल की, स्वतःचा धोका पत्करण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. आगरकरांच्या पिढीने ज्या मिलला गुरुस्थानी मानले, त्याने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात एका पुलाचे उदाहरण घेतले आहे. पूल निश्चितपणे खचणारा आहे, माणूस त्यावर पाऊल टाकतो आहे आणि सावध करायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही. कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पण पडण्याचा नुसता संभव असेल, तर त्याला इशारा द्यावा आणि पुढचे त्याच्यावर सोपवावे. मिलचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु हे उदाहरण पूल ओलांडणाऱ्याचे आहे, पूल बांधणाऱ्याचे नव्हे. कोकणात आगराच्या कडेने पऱ्या वाहत असतो आणि घरधनी स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव घालतो. तो त्याच्या जमिनीत असतो, त्याच्या पैशाचा असतो, त्याच्यापुरता असतो. तरी त्यावरून दूधवाला येतो, पलीकडची म्हातारी फुले मागायला येते, पावसाळ्यात शाळेतली मुले जवळची वाट म्हणून धावत जातात. तिसरे खोड कुजलेले आहे आणि त्यावर पाय द्यायचा नाही, हे घरधन्याला माहीत असते. तेवढ्याने साकव सुरक्षित होत नाही. धोका पत्करण्याचा माझा हक्क मी माझ्या शरीरावर चालवू शकतो. पण मी केलेली वस्तू माझ्या शरीराचा भाग नव्हे. ती माझ्या हातून सुटताक्षणी जगात येते, आणि जगात वावरणारे इतरही असतात.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच सुचला, आणि तो दुबळा नाही. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात विळी असे. पुष्कळ घरांत अजूनही आहे. तिच्याइतके उघडे पाते दुसऱ्या कोणत्या हत्याराला असेल? त्याला ना गार्ड ना आवरण. त्याच पात्यावर आजीने भाजी चिरली, आईने चिरली, आणि घरातली पोरे शेजारी खेळत वाढली. मग माझ्याच यंत्राला पत्र्याची एवढी मातब्बरी कशाला? जग सगळे कुंपणांनी भरून टाकायचे काय?

या आक्षेपाचा विचार करता करताच मला उत्तर सापडले असे वाटते. एक फरक उघड आहे. विळीचे पाते स्थिर असते. हात थांबला की कापणे थांबते. मोटारीला हात थांबल्याचे कळत नाही. पण याहून महत्त्वाचा फरक दुसरा आहे. विळी वाटते तितकी उघडी नाही. तिच्याभोवती कुंपण आहे, ते फक्त दिसत नाही. काम झाले की विळी आडवी करून ठेवायची. ती उभी ठेवून उठायचे नाही. ती ओलांडायची नाही. पाटावर पाय घट्ट रोवल्याशिवाय चिरायला बसायचे नाही. मूल रांगत आले की आधी विळी आडवी. या गोष्टी कोणी पुस्तकातून शिकले नाही. शेकडो वर्षांत किती बोटे कापली गेली असतील, तेव्हा ही रीत तयार झाली, आणि घरातली प्रत्येक मुलगी ती बघत बघत शिकली. पटाशी हातापासून दूर चालवावी, धारेसमोर बोट ठेवू नये, हे सुताराच्या पोराच्या अंगात असेच मुरते. जुन्या हत्याराला रीतीचे आवरण असते.

माझ्या यंत्राला कोणतीही रीत नव्हती. त्यासारखे दुसरे यंत्र जगात नव्हते. त्याच्या फटीची, त्याच्या स्क्रूची, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याच्या त्याच्या खोडीची माहिती एकाच डोक्यात होती, आणि त्या डोक्याला त्याचा अभिमान होता. हे यंत्र माझ्याखेरीज कोणाला चालवता येणार नाही, हे मी ज्या कौतुकाने सांगत होतो, तोच खरा दोषाचा पुरावा होता. जो मनुष्य नवी वस्तू करतो त्याच्याजवळ पिढ्या नसतात. पिढ्यांनी रीतीने जे केले असते, ते त्याला त्या वस्तूतच, पत्र्याने आणि स्क्रूने, करून ठेवावे लागते. ते न करता नुसते तोंडाने सांगणे म्हणजे रीतीचे सोंग आहे. दारातून बाहेर पडता पडता उच्चारलेल्या एका वाक्याने शंभर वर्षांचे काम होत नाही.

आणि समजा, माझे घर साऱ्या जगापासून तोडलेले असते, भाचा नसता, मिस्त्री नसते, शेजार नसता, तर? तरीही 'स्वतःपुरते' या शब्दात खोट आहेच, असे मला वाटते. ज्या 'मी'ने फट ठेवली तो चाळीस दिवस त्या यंत्रात बुडालेला, त्याची रेघन्‌रेघ पाठ असलेला मनुष्य होता. सहा महिन्यांनी, ताप येऊन गेल्यावर, डोक्यात भलतीच काळजी असताना, जो 'मी' त्या यंत्रापुढे उभा राहील, त्याला त्यातले काय आठवेल? म्हातारपणी हात कापू लागल्यावर जो उभा राहील, तो तर मला पूर्ण अनोळखी आहे. त्याच्या वतीने धोका पत्करताना मी त्याला विचारलेले नाही. धुळीचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. हाताने घासताना जी धूळ टेबलावर पडून राहते, ती यंत्राने सबंध पडवीत उधळली जाते. ती आज श्वासात घेणारा मी, आणि तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी चुकवणारा, हे कागदोपत्री एकच गृहस्थ आहेत; पण पहिला दुसऱ्याशी फारसा सभ्यपणाने वागत नाही. शिवाय तीच धूळ शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसत होती, हे मला त्यांनी सांगितले नव्हते. मी विचारल्यावर ते संकोचाने 'हो' म्हणाले.

तेव्हा मला आता असे वाटते की, स्वतःसाठी केलेली वस्तूदेखील परक्यासाठी करतो आहोत असे समजून करावी. परक्यासाठी करताना आपण त्याच्या अज्ञानाची आणि थकव्याची गृहीत धरून सोय करतो. स्वतःसाठी करताना स्वतःच्या हुशारीवर विसंबतो. हुशारी ही अंगावरच्या कपड्यासारखी आहे. ती सदैव अंगावर असतेच असे नाही. यात भित्रेपणा नाही. धोका मुळीच नको असता तर मी यंत्रच केले नसते, आणि ते केल्याचा आनंद मला आजही आहे. जो धोका कामाचाच आहे तो कामाबरोबर घ्यावाच लागतो. पण माझी फट कामाची नव्हती, माझ्या कंटाळ्याची होती. दुसऱ्याच्या बोटाने आपल्या कंटाळ्याची किंमत चुकती करणे, हे कोणत्याही स्वातंत्र्याच्या व्याख्येत बसत नाही.

दिवाळी संपल्यावर मी यंत्र पुरते उलगडले. आडवी पट्टी नव्याने बसवून फट दोन मिलिमीटरांच्या आत आणली. दोन्ही रूळ आणि खालून परतणारा पट्टा पत्र्याने झाकला. कडा आत वळवल्या. बटण काढून, वीज गेली की सुटणारा आणि पुन्हा हाताने दाबल्याखेरीज न लागणारा स्टार्टर बसवला, आणि थांबवायचे लाल बटण गुडघ्याला लागेल असे खाली घेतले. खोकी करून तिला धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी जोडली. या साऱ्याला मूळ यंत्राहून अधिक दिवस लागले. मिस्त्री मधे येऊन गेले. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, एके ठिकाणी कड बोचत होती ती कानशीने मारायला सांगितली, आणि जुन्या संभाषणाचा उल्लेखही केला नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

भाच्याचे नख पुरते यायला सहा महिने लागले. पुढच्या दिवाळीत तो पुन्हा आला तेव्हा किल्ल्याचे वय सरले होते; आता त्याला पतंगाची फिरकी करायची होती. "मामा, यंत्र वापरू का?" त्याने विचारले. विचारताना त्याने नकळत ते बोट मुठीत घेतले. मी त्याला सांगितले की, मागच्या वर्षी चूक त्याची नव्हती. तो म्हणाला, "पण तू सांगितलं होतंस ना?" मी म्हणालो, "सांगणं पुरेसं नव्हतं." त्याला हे कितपत पटले कोण जाणे, त्या वयात दोष कोणाचा यापेक्षा फिरकी महत्त्वाची असते.

त्याला सारे नीट दाखवून मी अंगणात येऊन बसलो. आतून यंत्राचा संथ, एकसारखा आवाज येत होता. मधे एकदा तो थांबला, तेव्हा माझ्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. मग पंख्याचा आवाज, मग पुन्हा यंत्राचा. तो पट्टा बदलत होता. ८० चा काढून १२० चा.